एक वाडा, अनेक पाट्या : आपल्या संस्थांच्या संकेतस्थळांचा संसार

आपल्या गावाला नावं किती? मराठी माणसाच्या तोंडी बेळगाव. इंग्रजांच्या काळापासून कागदोपत्री बेलगाम. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी. त्या दिवशी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं बदलली, त्यात आपलंही होतं. रेल्वेच्या तिकिटावर स्थानकाची तीन अक्षरं मात्र अजून ‘बीजीएम’च आहेत. निपाणीचीही तीच गत. इंग्रजीत लिहिताना कोणी एक ‘पी’ लिहितो, कोणी दोन.

बोलताना यातलं काहीच अडत नाही. इंटरनेटवर मात्र एक अक्षर बदललं की पत्ता बदलतो. जुन्या स्पेलिंगने शोधणारा पुण्यातला माणूस आणि नव्या स्पेलिंगने शोधणारा शाळकरी मुलगा हे दोघंही आपल्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर पोहोचायला हवे असतील, तर दोन्ही नावं आपल्याकडे हवीत. मग प्रश्न येतो : दोन नावं म्हणजे दोन संकेतस्थळं, दोन जागा आणि दुप्पट खर्च का?

तसं नाही. एकाच होस्टिंग खात्यावर दोनच काय, दहा नावंही सुखाने नांदू शकतात. सीमाभागात वाचनालयं आहेत, महिला मंडळं आहेत, माजी विद्यार्थी संघ आहेत, नाट्यसंस्था आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. या सगळ्यांच्या गाठीशी पैसा बेताचा आणि संकेतस्थळ सांभाळणारा कार्यकर्ता बहुतेक वेळा एकच. त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण ती नीट समजून घेतली नाही तर एका दिवसात सगळं गमवायचीही पाळी येते. म्हणून हा लेख.

नाव वेगळं, जागा वेगळी

आधी एक घोळ मिटवू. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे जागा. नाव ही दारावरची पाटी, जागा म्हणजे आतलं घर. दोन्ही भाड्यानेच मिळतात. नावाची नोंदणी एका वर्षापासून करता येते आणि जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे आगाऊ भरता येतात. कायमचं विकत असं काहीच मिळत नाही. नाव एका कंपनीकडे आणि जागा दुसऱ्या कंपनीकडे असली तरी चालतं. या दोघांची गाठ घालून देणारी जी पत्त्यांची वही आहे तिला डीएनएस म्हणतात. ही व्यवस्था १९८३ पासून चालत आली आहे.

नावाचा शेवटचा तुकडाही महत्त्वाचा. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेला ‘तरुण भारत’ आपल्या बेळगावात घरोघरी वाचला जातो. नागपूरचा ‘तरुण भारत’ हे वेगळं वृत्तपत्र. नाव अक्षर न् अक्षर सारखं, पण इंटरनेटवर बेळगावचा डॉट कॉमवर आणि नागपूरचा डॉट नेटवर. शेवट चुकला की थेट विदर्भात! तेव्हा पत्रिकेवर पत्ता छापताना शेवटापर्यंत तपासून छापावा.

एका दारातून चार बिऱ्हाडं

पूर्वीच्या वाड्यांची आठवण काढा. रस्त्यावर दार एक, घर नंबर एक, आत बिऱ्हाडं चार. पोस्टमन दारात उभा राहून नाव पुकारायचा आणि ज्याचं पत्र तो घ्यायचा. होस्टिंगचंही तसंच आहे.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आकडा देणं परवडणारं नव्हतंच. १९९७ मध्ये ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे सुधारित नियम ठरले. त्यात ब्राउझरने दारात आल्यावर ‘मला अमुक नावाचं घर हवं’ असं सांगणं सक्तीचं झालं. सर्व्हर ते नाव ऐकतो आणि त्या नावाच्या फोल्डरमधली पानं काढून देतो. एका खात्यावर अनेक नावं नांदतात ती या एका नियमाच्या जोरावर.

पाटी कोणत्या प्रकारची हवी?

नवं नाव खात्याला जोडताना ते कशासाठी जोडतोय हे आधी ठरवावं. प्रकार चार आहेत.

पहिला प्रकार, त्याच घराची दुसरी पाटी. बेलगाम आणि बेळगावी, एक ‘पी’ आणि दोन ‘पी’, अशी नावं यात येतात. घर एकच, मजकूर एकच. याला एलियस म्हणतात, पूर्वी पार्क्ड डोमेन म्हणत. पण तोच मजकूर दोन पत्त्यांवर दिसत राहिला तर शोधयंत्रांना यातलं खरं कुठलं ते कळत नाही. म्हणून एक नाव मुख्य ठरवावं आणि बाकीच्या नावांवर आलेल्या माणसाला आपोआप तिकडे वळवावं. कायमच्या वळवण्याला ३०१ असा क्रमांक आहे, तात्पुरत्याला ३०२. आपल्याला ३०१ हवा.

दुसरा प्रकार, वेगळं बिऱ्हाड. वाचनालयाचं एक संकेतस्थळ आणि त्याच कार्यकर्त्यांनी चालवलेल्या व्याख्यानमालेचं दुसरं. नाव वेगळं, फोल्डर वेगळं, मजकूर वेगळा. याला अ‍ॅडऑन डोमेन म्हणतात. सीपॅनेलच्या नव्या आवृत्तीत ‘डोमेन्स’ या पानावर नाव घातलं की खाली मुख्य संकेतस्थळाचाच फोल्डर वापरायचा का, असं विचारणारी चौकट असते. वेगळं बिऱ्हाड हवं असेल तर त्या चौकटीतली खूण काढावी. नाहीतर नवं नाव उघडल्यावर जुनंच घर दिसतं आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

तिसरा प्रकार, त्याच घरातली खोली. याला सबडोमेन म्हणतात आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. याचं उदाहरण बेळगावात घरोघरी माहीत आहे. आपल्याकडच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्य नाव ‘व्हीटीयू डॉट एसी डॉट इन’. निकालाच्या दिवशी पोरं उघडून बसतात ते ‘रिझल्ट्स डॉट व्हीटीयू डॉट एसी डॉट इन’. मुख्य नावाच्या आधी एक शब्द लावला की स्वतंत्र दालन तयार. हे दालन हवं तर दुसऱ्या यंत्रावर ठेवता येतं, म्हणजे तिथे गर्दी उसळली तरी मुख्य घराचं दार अडत नाही. मराठीतलं जुनं उदाहरण ‘मायबोली’चं. १९९६ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळाने खरेदी, जाहिराती अशी दालनं याच पद्धतीने एका नावाखाली मांडली.

चौथा प्रकार, घरातलं कपाट. नाव तेच, पुढे तिरकी रेघ देऊन ‘स्मरणिका’ किंवा ‘२०२४’ लिहिलं की झालं. सगळ्यात सोपं, सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

उत्साहाच्या भरात आपण हे विसरतो. दर संमेलनाला, दर अमृतमहोत्सवाला नवं नाव घेतलं जातं. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांसाठी वर्षाचा आकडा नावात घालून स्वतंत्र संकेतस्थळ काढण्याची पद्धत आहे. तिकडे हजारो लोकांची नावनोंदणी असते, दर वेळी यजमान शहर बदलतं, म्हणून ते शोभतं. आपल्या दोन दिवसांच्या संमेलनाला मात्र मुख्य संकेतस्थळातलं एक कपाट पुरे. वेगळं नाव घेतलंच असेल तर कार्यक्रम संपल्यावर सगळा मजकूर मुख्य नावाखाली आणून ठेवावा आणि जुन्या पत्त्यावरून तिकडे वळण लावावं. दर नावाला दर वर्षी पैसे लागतात. पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षापासून चांगलंच महाग पडतं, हे घेताना कोणी मोठ्याने सांगत नाही.

देवनागरी पाटी

२७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ ही देवनागरी नावं मिळू लागली. आपल्या संस्थेचं नाव आपल्या लिपीत पाहिलं की छाती फुगते. जरूर घ्यावं, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवून.

एक, यंत्राला आतून रोमन अक्षरंच कळतात. देवनागरी नाव ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या एका विचित्र रोमन ओळीत बदललं जातं. होस्टिंगच्या पानावर तुमचं सुंदर नाव त्या रूपात दिसलं तर घाबरू नका, ते तुमचंच आहे. दोन, अशा नावावरचा ईमेल सगळीकडे पोहोचेलच अशी खात्री देता येत नाही, म्हणून पत्रव्यवहाराला रोमन नावच ठेवावं. तीन, शुद्धलेखन! ‘बेळगाव’ आणि अनुस्वार दिलेलं ‘बेळगांव’ ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी गावं आहेत. दोन्ही नावं घ्यायची नसतील तर निदान संस्थेच्या लेटरहेडवर जे आहे तेच घ्यावं. देवनागरी नावाला दुसरी पाटी मानावं आणि तिथून मुख्य नावाकडे वळण द्यावं.

काम कोणत्या क्रमाने करावं

नवं नाव जोडण्याचा क्रम साधा आहे. आधी होस्टिंग खात्यात नाव घालावं आणि त्याचा फोल्डर ठरवावा. तो मुख्य संकेतस्थळाच्या फोल्डरच्या पोटात ठेवू नये, शेजारी ठेवावा. पोटात ठेवला तर पुढे एक साफ करताना दुसरं पुसलं जाण्याची भीती असते. मग नाव जिथे नोंदवलं तिथे जाऊन होस्टिंगवाल्याने दिलेले नेमसर्व्हर घालावेत. हा बदल जगभर पोहोचायला काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात कोणाच्या फोनवर नवं दिसतं, कोणाच्या जुनं. यात बिघाड काही नाही.

यानंतर कुलूप, म्हणजे एसएसएल प्रमाणपत्र. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर कुलूप नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर ‘असुरक्षित’ असा शेरा मारतो. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेकडून २०१५ च्या अखेरीपासून ही प्रमाणपत्रं फुकट मिळतात. त्यांची मुदत ९० दिवसांची असते आणि बहुतेक होस्टिंग खाती ती आपोआप वाढवतात. मात्र प्रत्येक नावाला कुलूप हवं, दुसऱ्या पाट्यांनासुद्धा. वळण लावलेल्या जुन्या नावाचं कुलूप राहून गेलं तर माणूस वळायच्या आधीच इशारा पाहून परत फिरतो.

नेमसर्व्हर बदलण्याआधी ईमेल कुठून चालतो ते पाहावं. टपाल कुठल्या पेटीत टाकायचं हे सांगणाऱ्या नोंदीला एमएक्स म्हणतात. ती नव्या ठिकाणी उतरवून घेतली नाही तर संकेतस्थळ उत्तम दिसतं, पण संस्थेच्या पत्त्यावर येणारी पत्रं यायची थांबतात. सभेची सूचना, देणगीदाराचं पत्र, परगावच्या पाहुण्याचा होकार, सगळं वाटेत अडकतं.

वाड्याला आग लागली तर

आता दुसरी बाजू. एका वाड्यात राहण्याचे फायदे तसे धोकेही आहेत.

साध्या खात्यावर सगळ्या संकेतस्थळांची मालकी यंत्राच्या लेखी एकाच वापरकर्त्याकडे असते. कोणीतरी तीन वर्षांपूर्वीच्या महोत्सवासाठी वर्डप्रेसवर संकेतस्थळ काढलं आणि नंतर तिकडे फिरकलाच नाही, असं समजा. त्यातल्या जुन्या प्लगिनच्या फटीतून चोर शिरला की तो शेजारच्या फोल्डरमध्येही जातो. वाचनालयाची पुस्तकसूची, माजी विद्यार्थ्यांची यादी, सगळं त्याच्या हाती. म्हणून ज्याला कोणी सांभाळत नाही असं संकेतस्थळ चालू ठेवू नये. त्याची साधी, न बदलणारी पानं करून ठेवावीत आणि आतलं यंत्र काढून टाकावं.

दुसरा धोका मर्यादेचा. ‘अनलिमिटेड’ असं लिहिलेल्या खात्यालाही फायलींची संख्या, स्मृती आणि एका वेळी येणाऱ्या पाहुण्यांची मर्यादा असतेच, ती बारीक अक्षरांत असते. संमेलनाचे चार हजार फोटो मूळ आकारात चढवले की मर्यादा एकाची भरते आणि अडचण सगळ्यांची होते.

तिसरा धोका पैशांचा. खात्याचं नूतनीकरण चुकलं तर एक नव्हे, सगळी नावं एकाच सकाळी बंद.

यावर उपाय आहेत. महिन्यातून एकदा सगळ्या मजकुराची प्रत काढून ती खात्याबाहेर ठेवावी. कार्यालयातल्या संगणकावर एक आणि परगावच्या एखाद्या विश्वासू सभासदाकडे एक. आणि चार वेगवेगळ्या संस्था एकत्र येऊन खर्च वाटून घेणार असतील तर साध्या खात्याऐवजी रीसेलर प्रकारचं खातं घ्यावं. त्यात प्रत्येक संस्थेला स्वतंत्र पॅनेल आणि स्वतंत्र पासवर्ड मिळतो. वाडा एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाला आपापली कडी. खर्च थोडा वाढतो, पण एकाची चूक दुसऱ्याला भोवत नाही आणि पुढे वेगळं व्हायचं झालं तर भांडण न होता वेगळं होता येतं.

नाव कोणाच्या नावावर?

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. जागा गेली तर दुसरी मिळते. मजकुराची प्रत असेल तर दोन दिवसांत घर पुन्हा उभं राहतं. नाव गेलं तर ते परत मिळेलच असं नाही.

आपल्याकडे हे बहुतेक असं घडतं. उत्साही तरुण कार्यकर्ता आपल्या वैयक्तिक ईमेलवरून, आपल्या कार्डाने संस्थेचं नाव नोंदवतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला जातो, ईमेल बदलतो, कार्डाची मुदत संपते. नूतनीकरणाच्या सूचना त्या जुन्या ईमेलवर येत राहतात आणि कोणी वाचत नाही. डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपली की बहुतेक कंपन्या काही दिवसांची सवलत देतात, ती फार तर ४५ दिवसांची. नंतर ३० दिवसांची सोडवणूक-मुदत असते आणि तेव्हा दंड जबर पडतो. पुढे पाच दिवस नाव गोठलेलं राहतं आणि मग ते जगातल्या कोणालाही घेता येतं. जुन्या, नावाजलेल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेवर छापलेला पत्ता उघडावा आणि समोर जुगाराची जाहिरात यावी, याहून वाईट काय?

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभं आहे. १९४६ साली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याबद्दल आपण आजही वाचू शकतो, कारण ते कागदावर छापलं गेलं आणि कोणीतरी कपाटात जपलं. कागद विसरला गेला तरी कपाटात पडून राहतो. संकेतस्थळाला विसरण्याची चैन परवडत नाही. जिओसिटीज या मोफत सेवेवर जगभरातल्या लोकांनी हौसेने पानं मांडली होती, ती २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाली. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संस्थांनी धावपळ करून जेवढं उचललं तेवढं वाचलं. आपल्या संस्थेचं एखादं जुनं संकेतस्थळ गेलं असेल तर त्या अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुना पत्ता घालून जरूर पाहा. कधी कधी हरवलेली स्मरणिका तिथे सापडते.

किल्ल्यांची वही

म्हणून प्रत्येक संस्थेने पुढच्याच सभेत इतकं करावं.

१. संस्थेकडे किती नावं आहेत, कुठे नोंदवली आहेत, मुदत कधी संपते आणि होस्टिंग कुणाकडे आहे, हे एका वहीत लिहून ती दप्तरात ठेवावी. कोणतं नाव मुख्य आणि कोणती दुसरी पाटी, तेही लिहावं.

२. नोंदणीदार म्हणून संस्थेचं नाव असावं, व्यक्तीचं नव्हे. ईमेल संस्थेचा असावा आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडलं तर त्यावरचा ईमेलही बंद पडतो आणि सूचना येणार कुठे?

३. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत. कार्यकारिणी बदलली की हिशेबाच्या वह्यांबरोबर हेही हातात द्यावेत आणि तसं इतिवृत्तात नोंदवावं. नवे पदाधिकारी आल्यावर पासवर्ड बदलावेत.

४. मुख्य नावाचे पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाकावेत. दुसऱ्या पाट्यांचा दर वर्षी आढावा घ्यावा. सोडून द्यायचं ठरलंच तर आधी छापील पत्रिका, लेटरहेड, फलक यांवरून तो पत्ता काढावा.

५. होस्टिंग खात्याचं मुख्य डोमेन म्हणून संस्थेचं कायमचं नाव द्यावं, एखाद्या कार्यक्रमाचं नव्हे. सगळं खातं त्या नावाला बांधलेलं असतं.

यातलं एकही काम फार तांत्रिक नाही. पहिल्या तिघांना तर संगणकाचीही गरज नाही, सचिव आणि खजिनदार एका संध्याकाळी बसून ती उरकू शकतात. ज्यांनी संकेतस्थळ उभं केलं ते कार्यकर्ते आज परगावी असले तरी आपलेच आहेत. त्यांना फोन करा, खुशाली विचारा आणि नाव कोणाच्या ईमेलवर आहे तेही विचारून घ्या. मुदत संपायच्या आधी असा एक फोन झाला तर पुढचं सगळं सोपं आहे.